बुलेटची ॲल्युमिनियम कव्हरं घरी घासायची का बफिंगवाल्याकडं टाकायची

जुनी कास्ट आयर्न बुलेट घरात आली की पहिल्या महिन्यातच माणसाला एक खाज सुटते, इंजिनाची कव्हरं आरशासारखी करायची. मलाही सुटली. गाडी घेतली तेव्हा डावीकडचं क्लच कव्हर पांढरट पडलेलं, उजवीकडं गिअरबॉक्सच्या कव्हरवर बूट घासून घासून काळा पट्टा, आणि टाइमिंग कव्हरवर आधीच्या मालकानं मारलेला सिल्व्हर कलर पोपडे धरून सुटत आलेला. विचारायला गेलो तर निम्मे म्हणतात घरी घास की, दोन तासांचं काम आहे, आणि निम्मे म्हणतात येडा आहेस काय, उद्यमनगरात बफिंगवाल्याकडं टाक सकाळी आणि संध्याकाळी घेऊन जा.

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. मी दोन्ही करून बघितलंय आणि दोन्हीकडं माती खाल्लीय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं वाचायला नको: पेपर मारायचं, म्हणजे वॉटर पेपरनं घासायचं काम स्वतः करा, आणि शेवटचा बफ, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकाचा हात, पाहिजे तर बाहेरून मारून घ्या. सगळंच्या सगळं बाहेर दिलं तर कव्हरचा आकार जातो, आणि सगळं घरी केलं तर रविवार जातात. ते का, आणि करायचं कसं, हे आता बैजवार सांगतो.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावायचं असं नवीन माणसाला वाटतं, ट्यूब आणली, फडक्यानं चोळली, चमकलं. तसं नसतंय. तुम्ही धातू खरवडत असता. मोठा चरा बारीक करायचा, बारीक अजून बारीक करायचा, असं करत करत चरे इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत आणि उजेड सरळ परत येतो, तीच ती चमक. म्हणून ट्यूबमधलं पॉलिश हे शेवटचं पाच टक्के काम, बाकी सगळं पेपरावर. ज्या कव्हरवर आधीचे चरे तसेच आहेत त्यावर नुसतं पॉलिश चोळलं की चमकणारे चरे मिळतात, दुसरं काही नाही.

आणि घरातल्या पातेल्याशी तुलना करू नका. चहाचं पातेलं जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचं, मऊ, घासलं की पांढरंशुभ्र होतं. इंजिनाची कव्हरं ओतलेली असतात आणि ओतीव मालात सिलिकॉन घातलेलं असतं, डायकास्टिंगला सर्रास वापरतात त्या एडीसी १२ ग्रेडमध्ये तर साधारण ९.६ ते १२ टक्के. त्यामुळं ओतीव कव्हरची चमक जरा करडी, जरा खोल दिसते. क्रोमसारखी निळसर कधीच येणार नाही, त्यामुळं ती येत नाही म्हणून घासत बसू नका. ओतकामातच राहिलेली बारीक छिद्रं, ज्याला फाउंड्रीतले लोक पिनहोल म्हणतात, तीही कधीकधी घासताना वर येतात. जितकं खोल जाल तितकी नवीन निघतात. तिथं थांबायचं.

काय घासायचं आणि कशाला हात लावायचा नाही

बाहेरून दिसणारी कव्हरं घासायची. सिलिंडर आणि हेडच्या पंख्यांना, म्हणजे फिन्सना, नादी लागू नका. बुलेटचा जुना सिलिंडर तर बिडाचाच आहे, हेड ॲल्युमिनियमचं, पण फिन्सच्या आत बोट जात नाही आणि चकचकीत धातू उष्णता बाहेर टाकायला काळ्या रंगापेक्षा खूप कमजोर असतो. कव्हर चमकलं तर इंजिनाला काही फरक पडत नाही, फिन्स मात्र आहेत तशा राहू द्या.

पॅकिंग बसतं ती कड, तिला पेपर लावायचाच नाही. ती मशिननं सपाट केलेली असते. हातानं दोन फटके मारले तरी कड गोल होते आणि मग पॅकिंग कितीही चांगलं घाला, ऑइल गळणारच, आणि बुलेटला गळायला तुमच्या मदतीची गरज नाही.

कार्ब्युरेटरची बॉडी बऱ्याचदा झिंकच्या मिश्रणाची असते, ती यात धरू नका. काही पार्ट स्टीलचे, त्यावर क्रोम असतो, त्याला पेपर लावला तर क्रोम गेला आणि खाली गंज. शंका आली की लोहचुंबक लावायचा. चिकटला की ठेवून द्या बाजूला. आणि मुलं पोर्ट पॉलिश म्हणतात ते वेगळं प्रकरण, इंजिनात हवा जायचा आणि धूर निघायचा रस्ता घासणं, त्याचा या लेखाशी काही संबंध नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजवीकडचं टाइमिंग कव्हर हे दिसायला झाकण आहे पण ते नुसतं झाकण नाही. जुन्या बुलेटचे ऑइल पंप त्या कव्हरमध्येच बसलेत, ऑइल फिल्टरची जागा तिथंच, क्रँककडं ऑइल जायचं भोक त्याच्यातूनच जातं. पेपराचा एक कण जरी त्या वाटेत राहिला तरी तो ऑइलबरोबर फिरत थेट बिगएंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला जाणार. म्हणून नवीन माणसानं पहिलं कव्हर हे घ्यायचं नाही. पहिलं घ्यायचं ते डावीकडचं क्लच कव्हर, म्हणजे प्रायमरी चेनचं बाहेरचं झाकण, कारण ते मधल्या एका नटावर आहे आणि आतून अगदी साधं आहे. मग गिअरबॉक्सचं. टाइमिंग शेवटी, तेही पंप वगैरे सगळं उघडून काढायची तयारी असेल तरच.

सामान

पाण्याचा पेपर, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात काळा किंवा करडा वॉटर पेपर मिळतो तो, नंबर २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २०००. नंबर वाढला की पेपर बारीक. २२०, ३२० आणि ४०० चे प्रत्येकी तीन-चार शीट घ्या, वरच्या नंबरांचे दोन पुरतात. लोक नेमकं उलटं करतात, २००० चे पाच आणतात आणि ३२० चा एक. पांढरा सुतारी पॉलिश पेपर चालत नाही, पाण्यात घातला की त्याचा लगदा होतो.

मेटल पॉलिशची एक ट्यूब किंवा डबी, ब्रासो, ऑटोसोल, जे मिळेल ते. जुने सुती बनियन, जितके असतील तितके. दात घासायचे जुने ब्रश. भांड्याचा लिक्विड साबण. थोडं डिझेल, कारण रॉकेल आता मिळणं मुश्कील. परमनंट मार्कर. पेपर गुंडाळायला जुन्या हवाई चपलेचा तुकडा, हसू नका, दुकानातल्या रबर ब्लॉकपेक्षा भारी चालतो, कव्हरच्या गोलाईवर वाकतो. तोंडाला मास्क.

कॉस्टिक सोडा, संडास साफ करायचं ॲसिड, यातलं काही कव्हरजवळ आणायचं नाही. रंग झटपट निघतो म्हणून कोणीतरी हमखास सांगतो. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातं, त्यातनं हायड्रोजन निघतो जो पेट घेतो, आणि कव्हर काळं पडतं. चिंच आणि तांब्यापितळेची पावडर देव्हाऱ्यातल्या समईला ठीक आहे, इथं उपयोग नाही. रांगोळीनं पण घासू नका, कण लहानमोठे असतात, नवीन चरे पाडतात.

कव्हर काढणं

सगळ्यात आधी फोटो. चारही बाजूनं, मोबाइल भरला तरी चालेल. क्लच कव्हर काढायच्या आधी डावीकडचा फूटरेस्ट आणि ब्रेकचं पॅडल काढावं लागतं (जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या), खाली पसरट भांडं ठेवायचं कारण आतलं ऑइल येणार. गिअरबॉक्सच्या कव्हरला किक, गिअर लिव्हर आणि न्यूट्रलचा लिव्हर आधी निघायला पाहिजे. स्क्रू खाचेचे असतात आणि वर्षानुवर्षं कुणी ना कुणी चुकीच्या पान्यानं त्यांची खाच खाल्लेली असते, साध्या स्क्रूड्रायव्हरनं झगडू नका, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा किंवा मेकॅनिककडून एवढं काढून घ्या.

स्क्रूंची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, जिथला स्क्रू तिथं भोक पाडून त्यात खोचायचा. लांब स्क्रू छोट्या जागी बसवला की आटे जातात, नाहीतर बॉडी तडकते, आणि मग पॉलिश राहिलं बाजूला, आर्गन वेल्डिंगवाला शोधत फिरा.

आतल्या बुश, ऑइल सील, काय असेल ते काढून ठेवा. आता डिझेल आणि ब्रशनं मळी काढायची, नंतर साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा. डिझेलचा ओशटपणा राहिला की पेपर घसरतो आणि लवकर भरतो. जुना लॅकर (चमक टिकावी म्हणून वर मारलेला पारदर्शक थर) किंवा कलर असेल तर पेंटवाल्याकडं पेंट रिमूव्हर मिळतो, तो गच्चीवर, मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे घालून लावा. कातडीवर एक थेंब पडला की कळतं. लॅकर राहिलाय का कसं ओळखायचं, तर कव्हर उन्हात धरा, कुठं पिवळट, कुठं पांढरट असं ढगाळ दिसलं की अजून आहे. अर्धवट राहिलेल्या लॅकरवर पेपर मारण्यासारखा वैताग नाही.

ज्या भोकांतून ऑइल जातं ती सगळी बुजवा. लाकडाचं बूच, कापडाची घट्ट गुंडाळी, वरून टेप. पॅकिंगच्या कडेला जाड टेपचे दोन थर.

पेपर मारणं

खरं काम हे. पेपर पाण्यात पंधरा मिनिटं भिजत घाला, पाण्यात साबणाचे दोन थेंब. कुठल्या नंबरपासून सुरू करायचं हे चऱ्यांवर आहे. नखाला चरा लागत असेल तर २२०, नुसता दिसत असेल तर ३२०. गाडी पडून रस्त्यावर घासलेली असेल आणि खोल ओरखडा असेल तर आधी बारीक कानस. कानशीला खडू चोळायचा, शाळेचा साधा पांढरा खडू, नाहीतर ॲल्युमिनियम दातांत भरतं आणि भरलेली कानस आणखी चरे पाडते. आणि फक्त ओरखड्यावरच घासत बसू नका, आजूबाजूला लांबवर पसरवत जा, कारण एकाच जागी खोलगट झालं की नंतर चमकल्यावर तिथं जत्रेतल्या आरशासारखं तोंड दिसतं, एक गाल मोठा एक बारीक.

आता नियम, आणि हा मोडलात की सगळं परत. एका नंबरला एकाच दिशेनं घासायचं. समजा २२० आडवा मारला. पूर्ण झाल्यावर कव्हर धुवायचं, पाणी बदलायचं, आणि ३२० उभा मारायचा. २२० चे आडवे चरे एकही दिसेनासा होईपर्यंत उभाच. मग ४०० परत आडवा. असं केलं की मागच्या नंबरचा राहिलेला चरा लगेच उठून दिसतो. गोल गोल फिरवत घासलं तर कुठला चरा कुणाचा काही कळत नाही.

मार्करची युक्ती इथं वापरायची. प्रत्येक नंबर सुरू करायच्या आधी कव्हर सुकवून त्यावर मार्करनं जाळी काढायची. शाई चऱ्याच्या तळाशी जाऊन बसते. शाई गेली म्हणजे तळापर्यंत पोचलात. जिथं निळी रेघ राहिली तिथं अजून मारायचं. मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. मी पहिलं कव्हर २००० पर्यंत नेलं, पॉलिश लावलं, खूश होऊन अंगणात उन्हात नेलं आणि बघतो तर काय, मधोमध २२० चे चार चरे, जणू कुणी मांजरानं ओरबाडलंय. ओल्या कव्हरवर चरा दिसत नाही हो, पाणी त्यात भरून बसतं. म्हणून प्रत्येक वेळी पुसून, कोरडं करून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. समोरून बघितलं तर सगळं छान दिसतं. परत ३२० वर यावं लागलं.

नंबर वगळायचा नाही. ४०० वरून थेट १००० वर उडी मारली की वेळ वाचल्यासारखं वाटतं, पण १००० चा पेपर ४०० चे चरे काढायला इतका वेळ घेतो की त्यापेक्षा मधले दोन नंबर मारलेले परवडले. सगळ्यात जास्त वेळ पहिल्या नंबरला जातो, एकूण वेळेच्या निम्मा म्हणा, आणि लोक नेमके तिथंच कंटाळतात. ३२० आणि ४०० मन लावून झाले असतील तर ८०० च्या पुढं पाच-दहा मिनिटांत एकेक नंबर उरकतो.

ओतीव अक्षरांच्या आसपास पेपराची बारीक घडी करून आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळा आणि हळू. अक्षरांच्या डोक्यावर ६०० च्या खालचा पेपर लावू नका. स्क्रूच्या भोकांच्या कडा तशाच, बोटानं दाबून घासलं की भोकाची कड खचते, आणि नंतर स्क्रूचं डोकं बशीत बसल्यासारखं दिसतं.

२००० झाला की कव्हर मंद करडं, रेशमी दिसतं. काही जण इथंच थांबतात आणि मला ते दिसायला जास्त आवडतं खरं तर, पण आरसाच पाहिजे असेल तर पुढं.

चोळणं

बनियनचं फडकं बोटाला गुंडाळा, वाटाण्याएवढं पॉलिश, तळहाताएवढ्या जागेवर दाबून चोळा. लगेच फडकं काळंकुट्ट होणार. इथं नवीन माणूस हमखास फसतो, त्याला वाटतं कव्हर अजून घाण आहे, म्हणून काळं यायचं थांबेपर्यंत चोळत बसतो. ते काळं थांबतच नाही कधी. ती घाण नाही, ते निघालेलं ॲल्युमिनियमच आहे, इतकं बारीक की काळं दिसतं. दोन-तीन मिनिटं चोळायचं, पॉलिश सुकायला आलं की कोऱ्या फडक्यानं पुसायचं, बघायचं, पुढच्या जागेवर जायचं. सगळं झाल्यावर चिमूटभर मैदा टाकून सुक्या फडक्यानं पुसलं की राहिलेला ओशटपणा आणि काळपट झाक निघून जाते. घरात विचारून घ्या मैदा.

मला गिअरबॉक्सच्या एका कव्हरला सगळं मिळून सहा तास लागले, दोन बैठकीत. क्लच कव्हर मोठं आहे, त्याला त्याहून जास्त. बोटांची टोकं दोन दिवस दुखतात.

मशिनचा मोह

मधला रस्ता म्हणून लोक ड्रिल मशिनला कापडी बफ लावतात. ठीक आहे, चालतंय, फक्त शेवटच्या टप्प्याला. पेपर न मारता थेट बफ लावला तर चरे जात नाहीत, त्यांच्या कडा गोल होतात फक्त.

बेंच ग्राइंडरला बफ व्हील लावायचा विचार असेल तर आधी हिशोब करा. ६ इंची व्हील आणि २८८० आरपीएमची मोटर, म्हणजे व्हीलच्या कडेचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर. त्या वेगानं कव्हरची कड कापडात अडकली तर कव्हर हातातनं सुटतं आणि जमिनीवर, भिंतीवर नाहीतर तुमच्या मांडीवर. व्हील तुमच्याकडं खाली येत फिरत असतं, कव्हर व्हीलच्या मध्याच्या खाली धरायचं, आणि कड नेहमी खालच्या बाजूला, व्हील जिकडं निघून जातं तिकडं. वरच्या कडेला बफ लागला की ओढून घेतलंच म्हणून समजा. सुती हातमोजे, गळ्यातली साखळी, लोंबता शर्ट, काही नको. चष्मा पाहिजे.

त्याच ग्राइंडरच्या दगडी चाकावर ॲल्युमिनियम धरू नका, धातू दगडात भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. आणि ॲल्युमिनियमची बारीक धूळ साचलेली असेल तिथं लोखंड घासायचं नाही, ठिणगी पडली तर ती धूळ भडका घेते. पाण्याच्या पेपरचा हाही एक फायदा, धूळच उडत नाही.

आता बफिंगवाला

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर म्हणजे ओतकाम आणि मशिनकामाचं गाव, पुण्यात भोसरीकडं, प्रत्येक शहरात एमआयडीसीच्या आसपास दोन-चार बफिंगची शेड असतातच. पत्र्याची शेड, आत दोन मोटरी, भिंती काळ्या, माणूस नखशिखांत काळा, फक्त डोळे दिसतात. त्यांचं रोजचं काम म्हणजे स्टीलची रेलिंग, हॉटेलची भांडी, पितळी मूर्ती. तुमचं कव्हर हे त्यांच्या दृष्टीनं मधेच आलेलं किरकोळ काम. हे ध्यानात ठेवून जायचं.

त्यांच्याकडं सुरुवात एमरी लावलेल्या चाकावर होते, कापडी चाकाला सरस लावून त्यावर एमरी पावडर चढवलेली असते, ते चाक दहा मिनिटांत तुमचं २२० ते ४०० चं सगळं काम करतं. मग नुसतं कापडी चाक आणि पॉलिशची वडी, ज्याला ते साबण म्हणतात. अर्ध्या तासात असा आरसा की तुम्ही घरी आठवडा घासलं तरी येणार नाही, हे कबूल करतो.

मग अडचण काय? त्या एमरीच्या चाकाला अक्षर आणि ओरखडा यातला फरक कळत नाही. मी पहिल्यांदा टाइमिंग कव्हर एका शेडमध्ये टाकलं, काही न सांगता, नुसतं भाऊ चकाचक करा म्हणून. संध्याकाळी आणायला गेलो. चकाचक होतंच. पण कव्हरच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या, स्क्रूची भोकं अंड्यासारखी, आणि नावाची अक्षरं अर्धी बुजलेली, बोट फिरवलं तर लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. त्या माणसाची चूक म्हणावी तर त्यानं सांगितलं तेच केलं होतं. गेलेला धातू परत येत नाही.

वर त्या कव्हरच्या ऑइलच्या भोकांत पॉलिशचं मेण शिरून घट्ट बसलेलं. ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं, बसवायच्या आधी दिसलं हे नशीब.

म्हणून देताना काय करायचं. शक्यतो ४०० पर्यंतचा पेपर घरी मारून न्या आणि स्पष्ट सांगा की एमरी लावायची नाही, फक्त कापडी बफ. पैसे पण कमी होतात आणि आकारही राहतो. चाक कोरं किंवा निदान ॲल्युमिनियमसाठी वेगळं ठेवलेलं आहे का विचारा, स्टीलला वापरलेल्या चाकात स्टीलचे कण बसलेले असतात आणि ते मऊ ॲल्युमिनियमवर बारीक रेघा ओढतात. अक्षरांवर आणि भोकांभोवती टेप लावून न्या, वर मार्करनं मोठ्ठं लिहा, इथं नको. आधी एकच कव्हर द्या, आणि साधं असलेलं द्या. त्यानं आधी केलेला एखादा गाडीचा पार्ट बघायला मागा, रेलिंग बघून काही कळत नाही. जमलं तर उभं राहून करून घ्या, चहा सांगा, आणि तापलेलं कव्हर तो पाण्यात बुचकळायला लागला की तेवढं नको म्हणा, आपोआप थंड होऊ द्या.

भाव गावागणिक, माणसागणिक आणि तुमच्या तोंडावर किती हौस दिसते त्यावर. आधी ठरवून घ्या, एका कव्हरचे किती, असे. घरच्या कामाचा खर्च पेपर आणि पॉलिश मिळून चार-पाचशेच्या आसपास जातो, तीन कव्हरं निघतात त्यात. म्हणजे पैसे वाचवायला म्हणून घरी करत असाल तर फार वाचत नाहीत, वाचतो तो कव्हरचा आकार.

आणखी एक. शेडवाला म्हणेल क्रोम मारून देतो, कायमचं काम. ॲल्युमिनियमवर क्रोम धरायला आधी झिंकचा आणि मग इतर थर नीट बसवावे लागतात, ते नीट झालं नाही तर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात आणि सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी असते. मी तरी नको म्हणालो.

कुणी काय कुठं द्यावं, माझ्या हिशोबानं: अक्षरं असलेलं, नक्षी असलेलं, ऑइलचे रस्ते असलेलं काहीही पूर्ण घरी. मोठं, साधं, खोल ओरखड्यांचं क्लच कव्हर असेल आणि खांदे दुखत असतील तर ४०० नंतर बाहेर. तडकलेलं कव्हर असेल तर आधी आर्गन मारून घ्या, पण वेल्डिंगचा धातू वेगळा असल्यामुळं पॉलिशनंतर तिथं फिकट पट्टा दिसेल, तो काही केल्या जात नाही.

परत बसवणं

बाहेरून आलेलं असो की घरचं, कव्हर गरम साबणाच्या पाण्यात घालून आतून-बाहेरून ब्रशनं घासा. मेण बसलं असेल तर आधी डिझेल. प्रत्येक भोकातून पंक्चरवाल्याकडं जाऊन हवा मारून घ्या, एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूंनी. मग पांढरं फडकं आतून फिरवा, करडं आलं की परत धुवा. पॅकिंग नवीन, जुनं परत वापरायचा चिकटपणा इथं करू नका. स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळा, बेतानं.

टाइमिंग कव्हर उघडलं असेल तर गाडी सुरू केल्यावर वर हेडमधल्या रॉकरकडं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडं) जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट किंचित सैल करून ऑइल येतंय का बघा. येत नसेल तर लगेच बंद करा, आत काहीतरी अडकलंय किंवा पंपानं हवा धरलीय.

चमक टिकवणं

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेनं लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतोच, त्यानं फक्त चमक जरा मंदावते. खरा वैरी पाणी आणि मीठ. मालवण, रत्नागिरी, गोवा, जिथं खारं वारं आहे तिथं महिन्याभरात पांढरे ठिपके येतात आणि सोडून दिले तर ते धातू खात खड्डे पाडतात. घाटावर त्या मानानं सुख आहे.

क्लिअर लॅकर मारून टाकावा असं प्रत्येकाला वाटतं. गुळगुळीत पॉलिशवर लॅकरला धरायला काही नसतं, वर इंजिनाची उष्णता, वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडतो, कडेनं सुटतो आणि त्याच्या खाली पाणी शिरलं की बाहेरून पुसताही येत नाही. मग परत पेंट रिमूव्हर. त्यापेक्षा गाडीचं साधं वॅक्स, इंजिन थंड असताना, महिन्यातून एकदा, पाच मिनिटं.

मेच्या शेवटी वॅक्सचे दोन हात देऊन ठेवा. पावसात भिजून आलात की निदान साध्या पाण्यानं चिखल धुऊन फडकं फिरवा, ओल्या गाडीवर झाकायचं कापडी कव्हर घालून ठेवू नका, आत वाफ धरते. गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की ठिपके तपासा. आलेले असले तर लगेच पेपर काढू नका, आधी नुसतं पॉलिश आणि बनियन, बहुतेक त्यातच जातात. नाही गेले तर तेवढ्याच जागेला २०००, आणि तोही भिजवलेला.